दीक्षेनंतरचे शिक्षण: पाळकांनी आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनी ते कसे निवडावे, कसे पूर्ण करावे

सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण-विद्यालयातून, दीक्षा घेऊन बाहेर पडलेले पाळक पुढे तीस-चाळीस वर्षे सेवा करतात, आणि त्या काळात त्यांच्यापुढे येणाऱ्या कितीतरी प्रश्नांना त्यांच्या अभ्यासक्रमात जागाच नव्हती. स्मृतिभ्रंश झालेल्या आईची शुश्रूषा करून थकलेली मुलगी, जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारापर्यंत पोचलेला तरुण, मोबाइलवर अनेक उपदेशकांना ऐकून त्यांतील परस्परविरोधी शिकवणीने गोंधळलेला श्रोता, हे सगळे एकाच माणसाच्या दारी येतात आणि प्रत्येकाला वाटते की पाळकांना यातले काहीतरी ठाऊक असेल. त्यामुळे बहुतेक जुन्या चर्चपरंपरांनी दीक्षेनंतरचे शिक्षण व्यक्तीच्या हौशीवर सोडलेले नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील २७९ वे कलम सांगते की याजकपद मिळाल्यावरही पवित्र अभ्यास चालू ठेवावा आणि त्यासाठी भरवल्या जाणाऱ्या व्याख्यानांना व परिषदांना उपस्थित राहावे. चर्च ऑफ इंग्लंडच्या २००९ च्या सेवाशर्तींनुसार बिशपांनी प्रत्येक सेवकाच्या कामाचा किमान दोन वर्षांतून एकदा त्याच्यासोबत बसून आढावा घेण्याची व्यवस्था करायची असते, आणि चालू शिक्षणात भाग घेणे हे सेवकाचे कर्तव्य मानले जाते. तुमच्या चर्चच्या घटनेत किंवा नेमणुकीच्या पत्रात याविषयी काय लिहिले आहे, ते सर्वांत आधी वाचून घ्यावे. अभ्यासरजेची तरतूद कागदावर असूनही वर्षानुवर्षे कोणी तिची मागणीच केलेली नसते, असे पुष्कळ ठिकाणी आढळते.

गरज आधी, अभ्यासक्रम नंतर

बहुतेक जण इथेच घाई करतात. एखादे माहितीपत्रक हाती येते, विषय आकर्षक वाटतो, ओळखीचे कोणी जाणार असते, आणि नाव नोंदवले जाते. परिणाम असा होतो की ज्यांना उपदेश उत्तम जमतो ते उपदेशाच्या शिबिरांना जात राहतात, आणि ज्यांना हिशेबाच्या बैठकीची धास्ती वाटते ते त्या विषयाकडे कधीच वळत नाहीत. आपण ज्यात बरे आहोत तेच पुन्हा शिकण्याचा मोह फार बळकट असतो, आणि त्याला ओलांडण्यासाठी काहीतरी लेखी पुरावा समोर असावा लागतो.

तो पुरावा तुमच्याच दैनंदिनीत असतो. मागील वर्षभराची दैनंदिनी उघडून शांतपणे वाचा आणि कोणत्या भेटी पुढे ढकलल्या गेल्या, कोणत्या घरातून बाहेर पडताना आपण काहीच उपयोगी बोललो नाही असे वाटले, कोणती बैठक भांडणात संपली, हे वेगळे लिहून काढा. उपदेशांची यादी ठेवत असाल तर पवित्र शास्त्रातील कोणत्या पुस्तकांना आपण हातच लावलेला नाही तेही पाहा. विलापगीत, ईयोब, प्रकटीकरण ही पुस्तके वर्षानुवर्षे टाळली जात असतील तर त्यामागे बहुधा अभ्यासाची उणीव असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये याजकांच्या घडणीविषयी जे पत्र काढले, त्यात मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय अशा चार बाजू सांगितल्या आहेत. परंपरा कोणतीही असो, आपल्या नोंदी या चार बाजूंखाली मांडून पाहिल्या तर कोणती बाजू रिकामी पडली आहे ते चटकन दिसते. माझ्या पाहण्यात मानवी बाजू सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, म्हणजे राग, थकवा, एकटेपणा आणि टीका सहन करण्याची क्षमता यांविषयीचे शिक्षण. या गोष्टी प्रार्थनेने आपोआप सुटतील असे गृहीत धरले जाते, आणि मग चांगले पाळक सेवेच्या ऐन मध्यावर खचतात.

यानंतर तीन व्यक्तींना विचारावे: एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला, एखाद्या तरुण सभासदाला, आणि शक्य असेल तर मंडळीपासून दूर गेलेल्या एखाद्या व्यक्तीला. ‘मी कशात कमी पडतो?’ असा थेट प्रश्न विचारला तर लोक संकोचाने गोड बोलतात. ‘गेल्या वर्षभरात मंडळीकडून कोणती मदत हवी होती आणि ती मिळाली नाही?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. हे सर्व झाल्यावर आपली गरज एका वाक्यात लिहावी. ‘समुपदेशन शिकायचे आहे’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘मृत्युशय्येवरील माणसाच्या कुटुंबासोबत बसता यावे आणि बोलण्याची घाई होऊ नये’ हे वाक्य अभ्यासक्रम निवडायला उपयोगी पडते.

पदवी घ्यायची असेल तर

सर्व गरजा पदवीने भागत नाहीत, आणि बऱ्याच गरजांसाठी पदवी हा सर्वांत लांबचा रस्ता असतो. मंडळीतील वाद हाताळणे जमत नाही म्हणून तीन-चार वर्षांच्या पदवीला नाव घालणे व्यवहार्य नाही. त्यासाठी मध्यस्थीचे काही दिवसांचे सखोल प्रशिक्षण अधिक उपयोगी ठरते. अमेरिकेतील लोम्बार्ड मेनोनाइट पीस सेंटर चर्चच्या पुढाऱ्यांसाठी असे पाच दिवसांचे प्रशिक्षण बरीच वर्षे घेत आले आहे. मात्र शास्त्राचा पाया पक्का करायचा असेल, शिकवण्याची जबाबदारी येणार असेल किंवा आपल्याच सेवेतील एखाद्या मोठ्या प्रश्नावर शिस्तबद्ध संशोधन करायचे असेल, तर पदवीचा विचार जरूर करावा.

येथे दोन प्रकारच्या डॉक्टरेटमधील फरक नीट समजून घ्यायला हवा. पीएच.डी. किंवा डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) ही संशोधनाची पदवी आहे, आणि ती मुख्यतः अध्यापन व लेखन करणाऱ्यांसाठी आखलेली असते. डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, म्हणजे डी.मिन., ही सेवेत असलेल्यांसाठीची व्यावसायिक पदवी आहे. तिच्यासाठी साधारणपणे मास्टर ऑफ डिव्हिनिटी (पाळकपदासाठीची पदव्युत्तर पदवी) किंवा तिच्या तोडीची पदवी आणि काही वर्षांच्या सेवेचा अनुभव लागतो, वर्ग बहुधा एक-दोन आठवड्यांच्या सलग सत्रांत भरतात, आणि अखेरचा प्रकल्प आपल्याच मंडळीतील एखाद्या प्रश्नावर करायचा असतो. काम न सोडता शिकायचे असेल तर हा मार्ग योग्य, परंतु प्रकल्पाचा विषय प्रवेशाच्या वेळीच मनात असावा. सत्रे पूर्ण करून प्रकल्पापाशी अडकलेले विद्यार्थी थोडे नसतात, आणि अडकण्याचे कारण बुद्धीची कमतरता हे क्वचितच असते. मंडळीशी आधी बोलून ठेवलेले नसते, म्हणून माहिती गोळा करण्याची वेळ आली की सभासद बिचकतात.

संस्थेची मान्यता तपासणे हे काम टाळू नये. उत्तर अमेरिकेतील सेमिनऱ्यांना असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स ही १९१८ मध्ये सुरू झालेली संघटना मान्यता देते. आशियात १९७० मध्ये स्थापन झालेली एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन हे काम करते. सेरामपूर महाविद्यालयाला, ज्याची स्थापना विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये केली, डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली, आणि आज त्याच्या सेनेटशी, म्हणजे पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाशी, अनेक ईश्वरविज्ञान महाविद्यालये संलग्न आहेत. तपासताना संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. मान्यता देणाऱ्या संघटनेच्या स्वतःच्या यादीत संस्थेचे नाव शोधावे, आणि ती संघटना खरोखर स्वतंत्र आहे की संस्थेनेच उभी केली आहे तेही पाहावे. प्राध्यापकांची नावे आणि त्यांचे शिक्षण जाहीर नसेल, ‘जीवनानुभवाच्या’ आधारावर काही आठवड्यांत डॉक्टरेट मिळणार असेल, किंवा शुल्क भरल्यावर पदवीदान समारंभाची तारीखच पहिल्यांदा कळवली जात असेल, तर तेथून दूर राहावे. अशी विकत घेतलेली पदवी नावापुढे लावणारा माणूस व्यासपीठावरून सत्याविषयी बोलत असतो, ही बाब मला फार गंभीर वाटते. मंडळीच्या कमिटीनेही कोणाची पदवी वेतनाच्या किंवा नेमणुकीच्या संदर्भात विचारात घेण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

रुग्णाच्या खाटेजवळ बसून शिकणे

सेवेची पद्धत मुळापासून बदलू शकेल असे एकच प्रशिक्षण सुचवायचे झाले तर मी क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचे नाव घेईन. याची सुरुवात अँटन बॉयसन या पाळकांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील मनोरुग्णालयात केली. बॉयसन स्वतः तीव्र मानसिक आजारातून गेले होते आणि रुग्ण म्हणून रुग्णालयात राहिले होते. पाळकीय विद्यार्थ्यांनी पुस्तकांइतक्याच गांभीर्याने जिवंत माणसांचाही अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह त्या अनुभवातून आला होता.

या प्रशिक्षणाच्या एका पूर्ण घटकासाठी रूढ प्रमाण ४०० तासांचे आहे. पूर्ण वेळ दिला तर ते सुमारे तीन महिन्यांत होते, आणि सेवेत असणाऱ्यांसाठी अनेक केंद्रे ते कित्येक महिन्यांवर पसरून देतात. बहुतांश वेळ रुग्णालय, वृद्धाश्रम, तुरुंग अशा ठिकाणी प्रत्यक्ष भेटींत जातो, आणि उरलेला वेळ लहान गटात व मार्गदर्शकासोबत त्या भेटींचा विचार करण्यात. या पद्धतीचा कणा म्हणजे संभाषणाचे लेखी टिपण. भेट संपल्यावर, आठवते तसे, दोघांचेही शब्द क्रमाने लिहायचे, मध्ये आलेले मौन, हावभाव आणि आपल्या मनात उठलेली भावनाही लिहायची, आणि मग ते गटापुढे वाचायचे. तेव्हा लक्षात येते की रुग्णाने भीतीविषयी बोलायला सुरुवात केली त्याच क्षणी आपण प्रार्थनेचा प्रस्ताव ठेवला, आणि ती प्रार्थना त्याच्यापेक्षा आपल्याच सुटकेसाठी होती. हे ऐकणे सोपे नसते. पण हे एकदा कळले की पुढची प्रत्येक भेट वेगळी होते.

प्रवेशासाठी बहुधा आत्मचरित्रपर निबंध, एका भेटीचे वर्णन आणि मुलाखत लागते. निबंधात स्वतःची थोरवी सांगण्याऐवजी कुठे अडखळतो ते लिहावे, कारण मार्गदर्शकाला शिकण्याची तयारी पाहायची असते. प्रशिक्षण सुरू झाल्यावर पहिले टिपण फसलेल्या भेटीचेच सादर करावे. यशस्वी भेटीतून गटाला सांगण्यासारखे फारसे उरत नाही. टिपणात रुग्णाचे नाव, गाव, ओळख पटेल असे तपशील बदलणे हा काटेकोर नियम आहे आणि त्यात कधीही सूट घेऊ नये. जेथे असे केंद्रच नाही तेथे हीच पद्धत, प्रशिक्षित समुपदेशक किंवा अनुभवी रुग्णालय-पाळक यांना मार्गदर्शक म्हणून घेऊन, चार-पाच सहकाऱ्यांच्या गटात चालवता येते. प्रमाणपत्र मिळणार नाही, पण शिक्षण होईल.

घर न सोडता शिकणे

उपजीविकेची नोकरी सांभाळून मंडळीची सेवा करणाऱ्यांना निवासी अभ्यासक्रम बहुधा शक्य नसतो. हा प्रश्न नवा नाही. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये त्यावर एक उत्तर शोधले. तेथील ग्रामीण मंडळ्यांचे खरे पुढारी वयाने मोठे, कुटुंबवत्सल आणि शेतीत गुंतलेले होते, त्यामुळे ते सेमिनरीत येऊन राहू शकत नव्हते. मग राल्फ विंटर, रॉस किन्सलर आणि जेम्स एमरी यांच्या पुढाकाराने सेमिनरीच त्यांच्यापर्यंत नेण्यात आली. स्वतः वाचून सोडवायचे पाठ, ठरावीक दिवशी शिक्षकासोबत गटचर्चा, आणि शिकलेले लगेच मंडळीत वापरणे, या तीन गोष्टींवर उभी राहिलेली ही पद्धत पुढे जगभर पसरली. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची निवड करतानाही हीच कसोटी लावावी असे मला वाटते. केवळ चित्रफिती असतील आणि गट किंवा मार्गदर्शक नसेल तर अभ्यास अर्ध्यावर सुटतो. म्हणून असा अभ्यासक्रम एखाद्या सहकाऱ्यासोबत घ्यावा आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी त्यावर बोलावे.

विनामूल्य साधने आज विपुल आहेत. येल विद्यापीठाने जुन्या आणि नव्या करारावरील आपली संपूर्ण व्याख्यानमाला खुली ठेवली आहे. तेथील ऐतिहासिक-चिकित्सक दृष्टी, म्हणजे शास्त्राची पुस्तके कधी, कोणी व कोणत्या परिस्थितीत लिहिली हे तपासणारी दृष्टी, काहींना अपरिचित वाटेल, पण शिकलेल्या सभासदांचे प्रश्न कोठून येतात ते तिच्यामुळे समजते. केंब्रिजमधील टिंडेल हाउसने उभे केलेले स्टेप बायबल हे साधन हिब्रू आणि ग्रीक मूळ शब्दांपर्यंत पोचवते. ज्यांची सेमिनरीत शिकलेली ग्रीक विस्मरणात गेली आहे त्यांनी रोज पंधरा मिनिटे मार्कच्या शुभवर्तमानातील एक-दोन ओवी वाचण्यापासून सुरुवात करावी, कारण मार्कची भाषा तुलनेने सोपी आहे.

कधी काळी दूर जाणे शक्य झाले तर वेगळ्या परंपरेच्या लोकांसोबत राहून शिकण्याची संधी सोडू नये. जिनिव्हाजवळचे बोसे येथील एक्युमेनिकल इन्स्टिट्यूट १९४६ पासून आणि जेरुसलेम व बेथलेहेम यांच्यामधील टँटूर येथील संस्था १९७२ पासून अशा एकत्रित अभ्यासासाठी ओळखले जाते.

सहकाऱ्यांचा अभ्यासगट

खर्च जवळजवळ नाही आणि लाभ दीर्घकाळ टिकतो, असा हा प्रकार आहे, तरी त्याला शिक्षण म्हणून गणले जात नाही. इंग्लंडमधील पाळक व लेखक जॉन स्टॉट यांनी सुरू केलेल्या लँगहॅम संस्थेने अनेक देशांत उपदेशकांचे असे छोटे गट उभे केले आहेत, जेथे पाळक एकत्र येऊन शास्त्रभागाचा अभ्यास करतात आणि एकमेकांच्या उपदेशांवर प्रामाणिक मत देतात. गट पाच ते सात जणांचा असावा आणि शक्यतो एकाच अधिकाररचनेत परस्परांच्या वर-खाली असणारे लोक त्यात नसावेत, कारण आपल्या वरिष्ठापुढे कोणी आपली उणीव मोकळेपणाने मांडत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन तास पुरतात. पहिला तास पुढील महिन्यात ज्यावर उपदेश करायचा आहे त्या शास्त्रभागाला द्यावा, आणि दुसरा तास एका सभासदाने लिहून आणलेल्या सेवेतील एका अडचणीला. अडचण ऐकल्यावर पहिली वीस मिनिटे केवळ प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही, हा नियम कसोशीने पाळावा. पाळकांना सल्ला देण्याची सवय इतकी जडलेली असते की हा नियम नसेल तर अडचण मांडणारा माणूस पाचव्या मिनिटाला गप्प होतो.

जे शिक्षण ऐच्छिक नाही

बालकांचे आणि असुरक्षित प्रौढांचे संरक्षण, मंडळीच्या पैशाचा हिशेब, आणि संस्थेला लागू असलेले कायदे, हे विषय आवडीवर सोडता येत नाहीत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये संरक्षणाविषयीचे प्रशिक्षण दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावे लागते. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठाने या विषयासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र केंद्र सुरू केले, आणि त्याचेच २०२१ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये रूपांतर झाले. चर्चमध्ये घडलेल्या अत्याचारांनी किती आयुष्ये उद्ध्वस्त झाली आणि किती वर्षे ते दडपले गेले, हे आता सर्वांसमोर आहे. म्हणून हे प्रशिक्षण पाळकांबरोबर संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघाचे पुढारी, गायकवृंदाचे प्रमुख अशा मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने घ्यावे, आणि ते घेतल्याशिवाय कोणालाही जबाबदारी देऊ नये. तसेच मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, जे २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केले, ते प्रत्येक मंडळीत किमान दोन-तीन जणांनी घेतलेले असावे. संकटातील माणसाशी पहिले बोलणे कसे करावे आणि त्याला योग्य तज्ज्ञापर्यंत कसे पोचवावे, एवढेच त्यात शिकवतात, आणि तेवढेच पुष्कळदा आवश्यक असते.

कमिटीकडे वेळ आणि मदत मागताना

अभ्यासरजा म्हणजे सुट्टी नव्हे, हे कमिटीला आधी समजावून सांगावे लागते, आणि ते तोंडी सांगण्यापेक्षा लेखी सांगितलेले बरे. अर्जात चार गोष्टी असाव्यात: कोणती गरज दिसून आली, त्यासाठी कोणता अभ्यासक्रम निवडला, त्या काळात उपासना, अंत्यविधी आणि आजाऱ्यांच्या भेटी कोण सांभाळील, आणि परत आल्यावर मंडळीला काय मिळेल. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर तयार नसेल तर मंजुरी मिळणे कठीण, आणि मिळाली तरी मन अभ्यासात लागत नाही. शेजारच्या मंडळीच्या पाळकांशी परस्पर करार करून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे: यंदा मी तुमची जबाबदारी सांभाळतो, पुढच्या वर्षी तुम्ही माझी. अमेरिकेतील लिली एंडाउमेंट या दानसंस्थेच्या पाळक-नवचैतन्य योजनेत अनुदानासाठी अर्ज मंडळीच करते आणि पाळकांच्या अनुपस्थितीत मंडळी स्वतः काय शिकेल याचाही आराखडा त्यात द्यावा लागतो. अनुदान असो वा नसो, ही रचना कोणत्याही मंडळीने उचलावी. पाळक दूर असताना मंडळीचे वडील (एल्डर) आणि डिकन या पदाधिकाऱ्यांनी उपासना चालवण्याचे, शोकाकुल घरी भेट देण्याचे प्रशिक्षण घेतले तर रजेचा काळ पोकळी न राहता सर्वांचाच अभ्यासकाळ होतो.

शिक्षणासाठीची रक्कम मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवावी, आणि तीत खजिनदार, चिटणीस व संडे स्कूलच्या शिक्षकांचाही वाटा असावा. सर्व तरतूद पाळकांच्याच नावे राहिली तर शिकलेले पाळक आणि न शिकलेली कमिटी असे अंतर पडते, आणि त्यातून नवे वाद निर्माण होतात.

परत आल्यावर

पूर्ण केलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाची नोंद तारीख, तास आणि मार्गदर्शकाच्या नावासह ठेवावी. जेथे शिक्षण-एकके मोजली जातात तेथे साधारणपणे एक एकक म्हणजे दहा संपर्क-तास असे गणित असते, आणि नंतर जुनी प्रमाणपत्रे शोधत बसण्यापेक्षा वेळच्या वेळी नोंद केलेली बरी. परतल्यापासून महिन्याभरात कमिटीपुढे अर्ध्या तासाचे निवेदन करावे आणि शिकलेल्यातील एकच गोष्ट निवडून मंडळीत सुरू करावी. एकदम पाच बदल जाहीर केले तर सभासद त्यांचा संबंध मंडळीच्या गरजेशी न जोडता पाळकांच्या नव्या उत्साहाशी जोडतात. सहा महिन्यांनी, ज्या तीन व्यक्तींना सुरुवातीला विचारले होते, त्यांच्याकडे पुन्हा जावे आणि काय बदललेले दिसते ते विचारावे. त्यांना काहीच बदल जाणवला नसेल तर अभ्यासक्रम चुकला, पद्धत चुकली, की शिकलेले वापरायला वेळच मिळाला नाही, याचा शोध घ्यावा, आणि पुढील वर्षाची निवड त्या उत्तरावरून करावी.